निळ्या वाफ्याचा वाद

आमच्या शेजारच्या मावशी छत्रपती संभाजीनगरच्या एका महाविद्यालयातून वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झाल्या. त्यांची भाची काही वर्षं इंग्लंडात नोकरी करून परत आली आहे. सिडकोतल्या त्यांच्या रो-हाउसच्या अंगणात कुंपणालगतचा एक वाफा रिकामा आहे. तिथे सकाळचं ऊन पोचतं, दुपारनंतर भिंतीची सावली येते. त्यात निळी फुलं असावीत यावर दोघींचं एकमत आहे, कोणती असावीत यावर मुळीच नाही. भाचीला व्हेरोनिका लावायची आहे, इंग्रज माळी जिला स्पीडवेल म्हणतात ती. मावशींचा तिला ठाम विरोध आहे. दोघींचं बोलणं मी मुद्दाम टिपून ठेवलं. नळाच्या पाण्याचा दिवस मोजत राहणाऱ्या गावात बाग कशाच्या जोरावर करायची, हे त्यातून पुढे येतं आणि ते मला फार मोलाचं वाटतं.

भाची : मावशी, ते फूल तू जिवंत बघितलं नाहीस म्हणून नको म्हणतेस. लीड्सला आमच्या ऑफिसबाहेर हिरवळ होती. मे महिन्यात त्या गवतात करंगळीच्या नखाएवढी निळी फुलं यायची. कुणी लावलेली नव्हती. चार पाकळ्या, वरची रुंद, खालची अरुंद, मधे पांढरा ठिपका. दोनच पुंकेसर, दोन बाजूंना फाकलेले. फुलमाशी येऊन बसायची, ते दोन्ही केसर पायांनी धरायची आणि पोटाखाली ओढून घ्यायची. मी जेवणाची सुट्टी त्या गवतात बसून काढलीय.

मावशी : तुझं बघणं चांगलं आहे. दोन पुंकेसर ही व्हेरोनिकाची मोठी खूण. चारशेच्या वर जाती आहेत तिच्या आणि बहुतेक उत्तरेकडच्या थंड पट्ट्यातल्या. युरोपात, पश्चिम आशियात, आपल्या हिमालयातही आहेत. पण तुला वाफ्यात लावायची आहे ती गवतातली नव्हे ना?

भाची : नाही, तुऱ्याची, स्पायकाटा. गुडघ्याएवढी वाढते, वर निळा-जांभळा तुरा, खालून वर उमलत जाणारा. तिथल्या म्हाताऱ्या शेजारणीने मला सगळं शिकवलंय. भरपूर ऊन, पाणी न धरणारी माती, खत बेताचं. सुकलेला तुरा मुळाकडच्या पानांपर्यंत छाटला की पुन्हा फुटतो. तीन-चार वर्षांनी गड्डा उपटायचा, मधला जुना भाग टाकून द्यायचा, कडेचे कोवळे फुटवे परत लावायचे. दाटी झाली तर भुरी येते, म्हणून झाडांमधे वारा खेळायला जागा ठेवायची. यापलीकडे काही नाही. इतकं सोपं झाड आहे.

मावशी : तिथे सोपं आहे. इथे त्याचं काय होतं ते ऐक. सगळे म्हणतात आपल्या उन्हाने मरेल. चाळीस-बेचाळीस अंशांची दुपार वाईटच, पण सावलीची जाळी बांधून ती निभावता येते. रात्रीचं काय करशील? मेमधे इथली रात्रही पंचविसाच्या आसपास असते. दिवसा पानांनी जे कमावलं ते झाड रात्रीच्या श्वासात खर्च करतं. रात्र थंड असली तर शिल्लक उरते. इथे झाड रोज थोडं थोडं कर्जात जातं आणि आपण वरून पाणी घालत राहतो. मग जुलै येतो. आपली काळी माती फुगून बसते, मुळांना हवा मिळत नाही आणि उन्हाळ्यात खंगलेलं झाड मूळकुजीने जातं. लोक म्हणतात पावसाने मेलं. ते एप्रिलपासून मरत होतं.

भाची : काळी माती मी वापरणारच नाही. मुरूम, गांडूळखत, थोडं कोकोपीट. वाफा वीतभर उंच करीन, पाणी थांबणार नाही.

मावशी : ते बरोबर आहे, कुठल्याही झाडासाठी कर. पण हिवाळा कुठून आणशील? व्हेरोनिकाच्या पुष्कळ बागायती वाणांना तुरा यायच्या आधी कित्येक आठवडे पाच अंशांच्या आसपासची थंडी लागते. आपल्याकडे कडाक्याची थंडी म्हणजे पहाटेचे दहा-बारा अंश आणि दुपारी पुन्हा अठ्ठावीस-तीस. शिवाय दिवस. लीड्सला जूनमधे सतरा तासांचा दिवस असतो. इथला मोठ्यात मोठा दिवस सव्वातेरा तासांचा. उत्तरेतली बरीच झाडं दिवस लांबला की फुलायचं ठरवतात.

भाची : मग कुंडी फ्रिजमधे ठेवीन. ट्युलिपचे कंद लोक ठेवतातच की.

मावशी : कंद झोपलेला असतो गं, त्याला अंधार चालतो. पानं असलेलं झाड अंधाऱ्या फ्रिजमधे दोन महिने ठेवणं मला बघवणार नाही.

भाची : ठीक आहे, हंगामी म्हणून लावू. पॅन्सी, पेटुनिया, डॉग फ्लॉवर आपण दसरा-दिवाळीला लावतो आणि शिमगा झाला की उपटतो. त्यांना कोण म्हणतं की तुम्ही इथले नाही?

इथवर मला भाचीची बाजू जड वाटत होती. संभाजीनगरची हिवाळी बाग खरोखरच पाहुण्यांची असते. ऑक्टोबर संपताना जालना रोडवरून जा, नर्सऱ्यांपुढे काळ्या पिशव्यांच्या रांगा लागलेल्या दिसतात आणि त्यातली निम्मी रोपं कुठल्या तरी लांबच्या थंड मुलखातून आलेली असतात. त्यांच्यावर कुणी आक्षेप घेत नाही. पण मावशींचं उत्तर मला तोलामोलाचं वाटलं, कारण ते आवडीनिवडीचं नव्हतं, त्या झाडाच्या घडणीचं होतं.

मावशी : डॉग फ्लॉवर पेरलास तर त्याच हंगामात फुलतो. त्याच्या आयुष्याचा मोठा भाग तू बघतेस. स्पायकाटा बहुवर्षायू आहे. तिचं बी अगदी बारीक, मातीने झाकायचं नसतं, उजेड लागतो उगवायला. अठरा-वीस अंशांत दोन-तीन आठवड्यांनी कोंब. म्हणजे इथे नोव्हेंबर उजाडेल. मग साधारणपणे पहिलं वर्ष पानांचा झुपका करण्यात जातं आणि तुरा दुसऱ्या वर्षी येतो. तू शिमग्याला उपटशील तेव्हा तिने नुकती मुळं धरलेली असतील. फूल नाही, बी नाही. नुसतं पाणी खर्च करून एक झाड अर्ध्यावर थांबवायचं.

भाची : एकवर्षायू व्हेरोनिका पण आहेत. पर्सिका थंडीत उगवते आणि उन्हाळ्याआधी बी टाकून मोकळी होते. उत्तर भारतात गव्हाच्या शेतांत आहे ती. आपला हिवाळा तिला सहज चालेल.

मावशी : चालेल, आणि म्हणूनच मला ती नको. गव्हाच्या शेतात ती तण म्हणून आहे. गाजर गवत तुला माहीत आहे. १९५०च्या दशकात पुण्यात पहिल्यांदा लक्षात आलं, आयात धान्याबरोबर आलं असं मानतात. आज मराठवाड्यातला एक बांध दाखव जिथे ते नाही. ते चुकून आलं असं म्हणू. पण घाणेरी? ती शोभेची म्हणून मुद्दाम बागेत लावलेली होती. जलपर्णीही तिच्या फुलांसाठीच जगभर फिरली. गौताळ्याच्या डोंगरात घाणेरीच्या जाळ्या बघितल्यास ना, त्या कुणाच्या तरी निळ्या वाफ्यातूनच निघाल्या असतील. आणि बाहेरून बियांचं पाकीट मागवायचं म्हणशील, तर त्याला २००३ चा वनस्पती विलगीकरणाचा आदेश आहे. परवाना लागतो, तिकडच्या सरकारचं रोगमुक्तीचं प्रमाणपत्र लागतं. पाकिटात घालून कुणी पाठवलं म्हणून ते कायदेशीर होत नाही.

भाची : पाकीट मागवणार नाही, दिलं वचन. पण मावशी, बाहेरचं म्हणजे वाईट, हे मला मान्य नाही. झेंडू मेक्सिकोतून आला, त्याच्याशिवाय आपला दसरा होत नाही. मिरची तिकडचीच. शेवंती चीनची. दारातला बोगनवेल ब्राझीलचा. आणि हे शहर तरी काय आहे? बीबी का मकबरा १६६० च्या सुमारास पुरा झाला, त्याची चारबाग इराणी धाटणीची. हिमायतबाग मुघलांची. इथे बाग करायची कल्पनाच वेशीबाहेरून आली.

मावशी : आली. पण बागेआधी काय आलं? मलिक अंबरने १६१० मधे खडकी, म्हणजे हेच शहर, वसवली आणि थोड्याच वर्षांत नहर बांधली. डोंगरातलं झिरपणारं पाणी जमिनीखालच्या बोगद्यांतून, खापरी नळांतून, नुसत्या उताराच्या बळावर गावात आणलं. पाणचक्की बघ. झऱ्याचं पाणी त्याच युक्तीने येतं, जातं फिरवतं आणि मग हौदात पडतं. मकबऱ्याच्या चारबागेत मधोमध पाण्याचे पाट आहेत, वाफे त्यांच्या कडेने. या शहरातल्या जुन्या माणसांनी पाणी मोजून बाग आखली. आपण बाग आखतो आणि मग टँकरला फोन करतो.

पाण्याच्या मुद्द्यावर भाची थोडा वेळ गप्प राहिली. संभाजीनगरचं पिण्याचं पाणी पैठणच्या नाथसागरातून येतं, पन्नासेक किलोमीटरवरून, तेही चढ चढवून, पंपांच्या जोरावर. घराघरात नळ कित्येक दिवसांच्या अंतराने सुटतो. इथली स्वयंपाकघरं पाण्याच्या दिवसाभोवती फिरतात, त्या दिवशी कामावर उशिरा जाणं हे साहेबालाही समजतं. अशा गावात अंगणातल्या झाडाला घातलेली प्रत्येक बादली कुणाच्या तरी वाट्याची असते, असं मावशींचं म्हणणं आहे. मी त्याच्याशी सहमत आहे. मात्र यावरून बागच करू नये असा निष्कर्ष काढणारे लोकही भेटतात आणि तो मला चूक वाटतो. उघड्या फरशीपेक्षा झाडाखालची ओली माती उन्हाळ्यात घराला जास्त उपयोगी पडते. भाचीने याच दिशेने उत्तर दिलं.

भाची : मग पाण्याचा हिशेब मी देते. आपल्या गच्चीचं क्षेत्रफळ साठ चौरस मीटर. इथे पाऊस पडतो वर्षाला सातशे मिलिमीटरच्या आसपास. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर म्हणजे एक लिटर. बेचाळीस हजार लिटर पाणी दरवर्षी आपण पन्हळीतून रस्त्यावर सोडतो. चौथा हिस्सा वाया गेला धरला तरी तीस हजारांच्या वर उरतं. टाकी कर, उरलेलं शोषखड्ड्यातून बोअरला दे. मग मला एक वाफा निळा करायचा हक्क आहे की नाही?

मावशी : टाकी केलीस तर आहे. आणि त्यात आणखी एक फायदा. आपलं बोअरचं पाणी जड आहे, कुंड्यांवर पांढरा थर चढतो तो त्याचाच. त्या पाण्याने पानं पिवळी पडतात आणि शिरा हिरव्या राहतात, लोक खत घालत सुटतात. पावसाचं पाणी मऊ, नाजूक रोपांना तेच घालावं. कूलरच्या टाकीत तळाला उरलेलं मात्र कधी घालू नकोस, ते क्षारांनी आणखी जड झालेलं असतं. तांदूळ-डाळ धुतलेलं चालतं.

भाची : म्हणजे व्हेरोनिका लावू?

मावशी : वाफा निळा कर म्हटलं. आता माझं ऐक. वनस्पतींच्या वंशावळीचा नव्याने अभ्यास झाल्यापासून व्हेरोनिकाला इसबगोलाच्या कुळात ठेवतात. ते कुळ या शहरात आधीपासून राहतंय. तुझा डॉग फ्लॉवर त्यातलाच. समोरच्यांच्या गच्चीवरून लाल फुलांच्या काड्या लोंबतात ती रसेलिया त्यातलीच. गुलमंडीवर काष्ठौषधीच्या दुकानात कुटकी मिळते, आरोग्यवर्धिनीतली, ती तर व्हेरोनिकाच्या अगदी जवळची. हिमालयात उंचावर होते, बेसुमार काढली म्हणून तिच्या परदेशी व्यापारावर निर्बंध आहेत. ती इथे लावायचं मी स्वप्नातही आणत नाही. पण अँजेलोनिया बघ. मेक्सिको आणि वेस्ट इंडीजकडची, तेच कुळ. कंबरेच्या खाली राहते, निळसर जांभळे तुरे आणि मार्च-एप्रिलच्या उन्हात ती जोमात असते. कुठल्याही नर्सरीत मिळते. रोप लावल्यावर शेंडा खुडायचा म्हणजे फांद्या फुटतात. बहर ओसरला की तिसरा हिस्सा छाटायचा. फांदी कलम सहज लागतं, एका रोपाची दहा होतात. तुरे तुला हवेत तसेच.

भाची : तसेच नाहीत, मावशी. लांबून तसेच. व्हेरोनिकाचा तुरा दाट असतो, बारीक फुलं एकमेकांना चिकटून, आणि लांब केसरांमुळे कडेला धुकं असल्यासारखं दिसतं. अँजेलोनियाचं फूल सुटं, ओठांचं, नीट दिसणारं. मी लावीन, मला ती आवडेलही. पण तिच्याकडे बघून मी लीड्सच्या त्या गवतात नाही जाणार. आवडलेल्या फुलाच्या जागी त्याचं भावंड देऊन माणसाचं समाधान होत नाही.

मावशी : हे मात्र खरं आहे. माझ्याकडे याला उत्तर नाही.

मला हा भाग या सगळ्या बोलण्यात सर्वांत प्रामाणिक वाटला. देशी झाडांचा आग्रह धरणारे आम्ही लोक पर्यायांच्या याद्या पटकन देतो. कुणाला एखादं विशिष्ट फूल का हवंय याचा विचार आम्ही कमी करतो. परदेशातून परतलेल्या माणसाला तिथली एखादी वनस्पती हवीशी वाटणं यात मिरवणं नसतं, तिथे घालवलेल्या एकट्या दिवसांची सोबत असते. ते समजून घेऊनही नाही म्हणता येतं, पण समजून न घेता म्हणू नये.

भाची : मग आपली व्हेरोनिका नाहीच का कुठे? दख्खनमधे एकही?

मावशी : आहे. मी तुझ्या तोंडून हा प्रश्न यायची वाट बघत होते. पाण्यातली व्हेरोनिका. महाराष्ट्राच्या वनस्पतींच्या नोंदींत ती आहे. नद्यांच्या उथळ, हळू वाहणाऱ्या पाण्यात आणि चिखलात होते. पोकळ रसरशीत दांडा, देठ नसलेली, दांड्याला मिठी मारून बसलेली समोरासमोरची पानं आणि पानांच्या बगलेतून निघणाऱ्या काड्यांवर फिकट निळी-जांभळी फुलं. चार पाकळ्या, दोन केसर. तीच ती. थंडीत नदी उतरली की बघायची.

भाची : आणि इतके दिवस मला इंग्लंडच्या व्हेरोनिकाच्या मागे लागू दिलंस! कुंडीत होईल?

मावशी : भोक नसलेल्या टबात, खाली चिखल आणि वर दोन बोटं पाणी ठेवून होईल. पण नदीतून झाड उपटून आणायचं नाही. भरपूर दिसली तरच बोंडातलं चिमूटभर बी घ्यायचं, ओल्या मातीवर भुरभुरायचं. आणि आजकाल आपल्या नद्यांत ती दिसेलच असं नाही. सांडपाण्यात ती टिकली तर नशीब. आधी शोधायला लागेल.

भाची : शोधू. डिसेंबरात गोदावरीकाठी जाऊ, पैठणच्या बाजूने.

मावशी : जाऊ. तोवर टब रिकामा ठेवू नकोस, नीरब्राह्मी लाव. तीही याच कुळातली. बोटभर फांदी चिखलात टोचली की पसरते, पांढरी-फिकी जांभळी बारीक फुलं बारा महिने थोडी थोडी येत राहतात. तांदळाच्या धुवणावर खूश. मात्र ती नाल्यातून आणू नकोस. गढूळ पाण्यातले जड धातू ती अंगात साठवते आणि उद्या कुणीतरी औषध म्हणून चार पानं तोंडात टाकेल.

भाची : आणि वाफ्याच्या कडेला, जमिनीलगत?

मावशी : विष्णुकांत. पावसाळ्यात दौलताबादच्या वाटेवर, शहराजवळच्या सातारा डोंगरावर, गुरांनी चरून बुटक्या झालेल्या गवतात बघ. बटणाएवढं निळं फूल, सकाळी उघडतं, दुपारनंतर मिटतं. व्ही. एन. नाईकांचा मराठवाड्याच्या वनस्पतींवरचा ग्रंथ १९९८ मधे याच शहरातून निघाला, त्यात तुला या मुलखातली सगळी मंडळी सापडतील. विष्णुकांताचं मूळ लाकडी आणि खोल असतं, खणून आणलेलं जगत नाही. पावसाळा संपताना बी गोळा कर. नर्सरीत विष्णुकांत म्हणून जे देतात ते त्याचं दक्षिण अमेरिकेतलं भावंड असतं, पानं लवदार, फुलं मोठी. फांदीवर लागतं, मुरमाड मातीत छान चालतं. ते लावलंस तरी माझी हरकत नाही.

भाची : ते परदेशी चालतं तुला?

मावशी : चालतं. गेली कित्येक वर्षं इथल्या अंगणांत आहे, कुंपण ओलांडून गेलेलं मी पाहिलं नाही, आणि आठवड्यातून दोन पाण्यांवर राहतं. मी पासपोर्ट बघत नाही, पाणी आणि वागणूक बघते.

भाची : मग ऐक माझी शेवटची अट. स्पायकाटाचं रोप एखाद्या परवानाधारक नर्सरीने रीतसर विकायला आणलं, तर एक कुंडी मी घेणार. पावसाचं पाणी, मुरूम, सकाळचं ऊन. तू म्हणतेस तसं ती पावसाळा काढणार नाही. तरी मला ती वाढताना बघायचीय.

मावशी : घे. पण ती कुंडी माझ्या अंगणात नको, तुझ्या गच्चीवर ठेव. मरणारं झाड रोज सकाळी बघायची माझी तयारी नाही.

यावर त्यांचं जमलं नाही आणि मला वाटतं जमणारही नाही. वाफ्यात सध्या मुरूम आणि गांडूळखत मिसळून झालंय, निंबोळी पेंड पडलीय. पूर्वेकडून अँजेलोनियाची पाच रोपं, कडेने नर्सरीतला विष्णुकांत, डोंगरावरच्या विष्णुकांताच्या बियांसाठी एक कोपरा राखलेला. नळाजवळच्या जुन्या टबात नीरब्राह्मी. गच्चीच्या पन्हळीला पाइप जोडायला प्लंबर रविवारी यायचा आहे. टाकी हजार लिटरची घ्यायची की दोन हजारांची, यावर आता मावशी आणि भाचीचं बोलणं सुरू आहे.